एका गावानं ठरवून भागत नाही

आजचा विषय जरा अवघड आहे. जवळ लहान लेकरं असतील तर त्यांना थोडा वेळ अंगणात पाठवा. सासूबाई किंवा आत्याबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांना मात्र उठू देऊ नका. का, ते पुढे कळेल.

सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघानं एक बालविवाह अडवला. मुलगी नववीत होती. अंगणवाडीताईंनी खबर दिली, आम्ही ग्रामसेवकांना बरोबर घेतलं, मंडप उतरवायला लावला, आईवडिलांकडून लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. तीन आठवड्यांनी कळलं की मुलीच्या मामाच्या गावी, रात्री, चार माणसांत लग्न लागलं. आम्ही तणतणत तिच्या आईकडे गेलो. ती चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहून दिलं ते खरं. पण आमच्यात सोळा-सतराला उजवतात. पोरगी मागं राहिली असती तर तिला कोण करून घेतलं असतं? तुम्ही सगळ्या मिळून स्थळ आणणार होता का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. चहासुद्धा न घेता परत आलो.

उत्तराचा धागा पुढे एका प्रशिक्षणात मिळाला, आणि तो मिळाला फार लांबच्या गावाच्या गोष्टीत. ते गाव आफ्रिका खंडातल्या सेनेगल देशात आहे आणि तिथली प्रथा आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलीही नसेल. म्हणून आधी ती प्रथा काय, हे साध्या शब्दांत सांगतो.

काही समाजांत मुलगी लहान असतानाच तिच्या लघवीच्या जागेजवळचा बाहेरचा नाजूक भाग ब्लेडनं किंवा चाकूनं कापतात. कुठे वरचं टोक, कुठे त्याहून बरंच जास्त, तर कुठे कापून झाल्यावर ती जागा शिवूनही टाकतात. काही मुली तेव्हा तान्ह्या असतात, काही सहा-सात वर्षांच्या, काही वयात येण्याच्या जरा आधीच्या. युनिसेफनं २०२४ साली दिलेला आकडा असा की, असं कापलेल्या २३ कोटींहून जास्त मुली आणि बायका आज जगात आहेत. त्यातल्या १४ कोटींहून जास्त आफ्रिकेत, तर सुमारे ८ कोटी आपल्या आशिया खंडात. यापासून शरीराला कसलाही फायदा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. तोटे मात्र पुष्कळ. रक्तस्राव होतो, जखम चिघळते, लघवीला त्रास होतो, पुढे नवऱ्याजवळ जाताना दुखतं, बाळंतपण अवघड होतं, आणि काही मुली तर जिवानिशी जातात.

ऐकून अंगावर काटा आला ना? आमच्याही आला. प्रशिक्षणात आमच्यातली एक पटकन बोलून गेली, "कसल्या आया म्हणायच्या या!" तेव्हा शिकवणाऱ्या ताईंनी हातातला खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "त्या तुमच्यासारख्याच आया आहेत. पोरीचं भलं व्हावं म्हणून करतात."

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ज्या गावात सगळ्याच मुलींचं कापलेलं असतं, तिथे न कापलेली मुलगी अशुद्ध मानली जाते. पश्चिम आफ्रिकेत बंबारा लोकांमध्ये तिच्यासाठी एक शब्द आहे, 'बिलाकोरो'. तो शिवीसारखा वापरतात. अशा बाईच्या हातचं जेवायचं नाही, तिनं भरलेलं पाणी प्यायचं नाही. विटाळ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे तिला सोयरीक येत नाही. म्हणजे एकटी आई कितीही हळवी असली आणि मनातून तिला नको असलं, तरी तिनं एकटीनं थांबायचं ठरवलं तर त्याची किंमत तिच्या लेकीनं मोजायची. ती आई कापते ती भीतीपोटी, आणि ती भीती खोटी नसते. चूल सारवणाऱ्या बाईनं आम्हाला विचारलं होतं ते नेमकं हेच.

आता गावाकडे येऊ. गावाचं नाव मलिकुंडा बंबारा. सेनेगलमध्ये 'तोस्तान' नावाची संस्था १९९१ पासून काम करते. मॉली मेल्चिंग ही अमेरिकन बाई विद्यार्थिनी म्हणून १९७४ साली त्या देशात आली, तिथली वोलोफ भाषा शिकली, तिथेच राहिली आणि पुढे तिनं ही संस्था काढली. 'तोस्तान' हा वोलोफ शब्द. अंड्याचं कवच फोडून पिल्लू बाहेर येतं, त्याला तो वापरतात. संस्थेचे वर्ग गावातच भरतात, गावच्या भाषेत, आणि शिकवणारी व्यक्ती गावातच मुक्कामाला राहते. अक्षरओळख आणि हिशेब असतो, पण त्याआधी बोलणं असतं. माणसाचे हक्क कोणते, अतिसार झालेल्या बाळाला काय द्यायचं, लस कशासाठी, गावातली अडचण चार जणींनी बसून कशी सोडवायची. गाणी, नाटुकली, गोष्टी यांतून सगळं चालतं. बचत गटाची बैठक आणि साक्षरता वर्ग एकत्र केला तर कसं दिसेल, तसं.

मलिकुंडाच्या वर्गात आरोग्याच्या धड्यांमध्ये हा विषय आला, तेव्हा बायका एकदम गप्प झाल्या. जी गोष्ट आयुष्यात कधी मोठ्यानं बोलली नाही, ती वर्गात कशी बोलायची? कुणी त्यांना दटावलं नाही की बंद करा असंही सांगितलं नाही. विषय पुन्हा काढला, पुन्हा शांतता. मग हळूहळू एकेक जण बोलू लागली. कुणाच्या लेकीला दिवसदिवस रक्त जात राहिलं होतं, कुणाची बाळंतपणं अडली होती. आजवर हे सारं बाहेरच्या बाधेवर, नशिबावर ढकललेलं होतं. जंतू कसे शिरतात, रक्त किती गेल्यावर धोका होतो, हे धडे आधी झालेले असल्यामुळे आता त्याच आठवणींचा अर्थ वेगळा लागला. प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त माझ्याच घरात झालं. सगळ्यांच्या गोष्टी एकापुढे एक ठेवल्यावर कळलं की सगळ्याच घरांत झालंय.

इथे एक आडवळण घेतो. 'गोष्ट सांगणं' म्हटलं की आपल्याला कार्यक्रम आठवतो. माईक, सतरंजी, पाहुण्यांचा सत्कार. ही गोष्ट तशी नव्हे. इथे बाई स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या ओळखीच्या चार जणींत, आपल्यावर काय आणि कसं गुजरलं ते सांगते. उपदेश केला की ऐकणारी मनातल्या मनात वाद घालते. शेजारणीच्या लेकीचं दुखणं ऐकताना वाद कशाशी घालणार?

मग त्या बायकांनी नवऱ्यांशी बोलणं काढलं, दवाखान्यातल्या माणसांना विचारलं, गावच्या इमामांना विचारलं. धर्मात हे सक्तीचं नाही, असं उत्तर मिळालं. ही प्रथा इस्लामच्याही आधीपासूनची आहे, आफ्रिकेत काही ख्रिस्ती समाजही ती पाळतात आणि कुराणात तिचा उल्लेख नाही. ३१ जुलै १९९७ रोजी मलिकुंडाच्या बायकांनी पत्रकारांसमोर उभं राहून जाहीर केलं की आमच्या गावात यापुढे मुलींना कापणार नाही. त्या वर्षीच सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष अब्दु दियूफ यांनी 'मलिकुंडाच्या शपथे'चं जाहीर कौतुक केलं.

आमच्या फोटोंसारखंच वाटलं ना? टाळ्या, कौतुक आणि संपलं. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

शेजारपाजारच्या गावांत संताप झाला. आपल्या घरातली झाकली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून मलिकुंडाच्या बायकांना खूप बोलणी खावी लागली. त्याच भागात केर सिंबारा नावाचं गाव आहे. तिथले वयस्कर इमाम देंबा दियावारा मॉलीकडे आले. तेही सुरुवातीला प्रथा मोडायच्या विरोधातच होते. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, जाणकार धर्मगुरूंना विचारलं आणि, जे त्यांच्या वयाच्या पुरुषानं कधी केलं नव्हतं, आपल्या घरच्या बायकांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून त्यांचं मत पालटलं. पण मत पालटल्यावरही ते म्हणाले की मलिकुंडानं एकट्यानं ठरवलं ही चूक झाली. आमच्या मुली दुसऱ्या गावी दिल्या जातात आणि आमच्या सुना दुसऱ्या गावांतून येतात. घर म्हणजे एक गाव नव्हे, सोयरिकीतली सगळी गावं मिळून घर. त्यांना न विचारता एका गावानं ठरवलं तर त्या गावच्या मुलींचं लग्न कुणाशी होणार?

मग ते निघाले. आपल्या पुतण्याला बरोबर घेऊन सोयरिकीच्या दहा गावांत फिरले, तेही पायी. कुठल्याही गावात गेले की आधी पाहुण्यासारखं बसायचं, कोण आजारी, कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं याची विचारपूस करायची. विषय हळूच काढायचा. उघडेवागडे शब्द नाहीत, रक्ताची चित्रं नाहीत, आणि 'तुम्ही चुकलात' असं तर मुळीच नाही. आम्ही असं ऐकलं, आमच्यात असं घडलं, तुमच्यात काय होतं? एवढंच विचारायचं. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू या गावी १३ गावांची माणसं जमली आणि सगळ्यांनी मिळून जाहीर केलं की आता थांबवायचं. आता कुणाच्याही मुलीला स्थळाची भीती उरली नाही, कारण ज्या घरांत ती जाणार होती त्या घरांनीही तेच ठरवलं होतं.

आमच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. आम्ही बालविवाह आमच्या गावात थांबवला होता. मामाचं गाव आमच्या हिशेबातच नव्हतं.

गेरी मॅकी नावाच्या अभ्यासकानं १९९६ साली याच गोष्टीवर लिहिलं होतं. त्यानं उदाहरण घेतलं चीनचं. तिथे शेकडो वर्षं लहान मुलींचे पाय घट्ट बांधून बारीक ठेवायची रीत होती. मुली कायमच्या लंगड्या होत, पण बांधलेले पाय नसले तर चांगलं घर मिळत नसे. ही रीत सुटली कशी? आईबापांच्या मंडळ्या निघाल्या. मंडळीत येणाऱ्यानं दोन शपथा घ्यायच्या. मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करून घेणार नाही. दुसरी शपथ किती हुशारीची आहे बघा. मुलींची भीती मुलांच्या बाजूनं काढून टाकली. एका जिल्ह्यात १८८९ साली जवळजवळ सगळ्या मुलींचे पाय बांधलेले होते, ३० वर्षांनी एकीचेही बांधलेले राहिले नाहीत.

आता आपल्या राज्याकडे येऊ, कारण ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. दाऊदी बोहरा समाजातल्या अनेक मुलींना सुमारे सात वर्षांच्या वयात ही कापाकापी सोसावी लागते. ते लोक तिला 'खतना' किंवा 'खफ्ज' म्हणतात. मुंबईत आणि महाराष्ट्रातल्या इतर शहरांत हा समाज राहतो, व्यापारात आणि शिक्षणात पुढे आहे. त्या समाजात सगळ्यांचं एकमत नाही. हे धर्माचं आणि शुद्धतेचं काम आहे, फक्त जरासं टोचणं आहे, असं मानणाऱ्या बायकाही आहेत. प्राध्यापिका रेहाना घडियाली यांनी १९९१ साली 'मानुषी' मासिकात यावर लेख लिहिला होता, पण नंतरची अनेक वर्षं फारसं कुणी उघड बोललं नाही.

२०१५ मध्ये मुंबईत पाच जणींनी 'सहियो' सुरू केलं. सहियो म्हणजे मैत्रिणी. बोहरा बायकांनी स्वतःच्या गोष्टी लिहाव्यात, सांगाव्यात, नाव द्यायचं असेल तर द्यावं, नको असेल तर झाकावं, अशी वाट त्यांनी करून दिली. त्या गोष्टींची सुरुवात बऱ्याचदा सारखीच असते. आजी किंवा काकी म्हणते, चल, तुला फिरायला नेते, खाऊ देते. मग एक अनोळखी घर, जिना, खोली. पुढचं ती मुलगी पुष्कळ वर्षं कुणाला सांगत नाही. आईलाही विचारत नाही, कारण आईला माहीत असतं हे तिला माहीत असतं. सहियोनं केलेल्या पाहणीत ३८५ बोहरा बायकांनी उत्तरं दिली. शंभरातल्या ८० जणींचं खतना झालेलं होतं आणि ८१ जणींना हे पुढे चालू राहू नये असं वाटत होतं. ही पाहणी ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांच्यापुरतीच आहे, सगळ्या समाजाची मोजदाद नव्हे. तरी एक गोष्ट त्यातून दिसते. मनातून नको असणाऱ्या इतक्या जणी होत्या आणि त्यातल्या प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असं वाटत असणार.

त्यांची एक रीत आम्हाला फार आवडली. बोहरा घरांत मोठ्या थाळाभोवती बसून सगळे एकत्र जेवतात. सहियोच्या बायकांनी तेच धरलं आणि 'थाल पे चर्चा' सुरू केली. घरचं जेवण, ओळखीच्या बायका आणि जेवता जेवता बोलणं. आपल्याकडे हळदीकुंकवाला किंवा पापड लाटताना जे बोललं जातं ते सभेत कधी निघतं का? तसंच हे.

कायद्याचं विचाराल, तर भारतात या प्रथेसाठी वेगळा कायदा नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, २०१८ मध्ये ती मोठ्या पीठाकडे सोपवली गेली. सेनेगलनं १९९९ मध्येच बंदीचा कायदा केला. तरीही तिथे आज १५ ते ४९ वयातल्या अनेक बायकांचं कापलेलं आहे. कायदा लागतोच, पण नुसता कायदा आला की काम रात्री आणि मामाच्या गावी जातं, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या गांबिया देशात २०१५ ला बंदी आली आणि २०२४ मध्ये ती उठवायचं विधेयक संसदेत आलं. त्या देशातल्या बायका पुन्हा एकदा आपल्या गोष्टी घेऊन पुढे आल्या. जुलैमध्ये ते विधेयक फेटाळलं गेलं. म्हणजे एकदा जाहीर केलं आणि झालं, असंही नसतं. तोस्तानच्या कामातून आजवर आठ हजारांहून जास्त गावांनी जाहीर घोषणा केल्या आहेत, पण घोषणेनंतरही काही घरांत चोरून चालूच राहतं, हे तिथले लोकही मान्य करतात.

हे ऐकून कुणी दुसऱ्या समाजाकडे बोट दाखवणार असेल तर आमचं बोलणं वाया गेलं म्हणायचं. आपल्याकडच्या बायकांनी विधवेचं कुंकू पुसलं नाही का, बांगड्या फोडल्या नाहीत का? ते करणाऱ्याही बायकाच असतात, आणि तिच्याच घरच्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव करून हे बंद करायचं ठरवलं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव चांगलाच आहे. पण हेरवाडची लेक ज्या गावी सून म्हणून गेली, तिथे काय करायचं, हा प्रश्न देंबा दियावारांनी नक्की विचारला असता.

सेनेगलचेच सिनेमाकार उस्मान सेंबेन यांनी २००४ साली या विषयावर 'मूलादे' नावाचा सिनेमा काढला. कापण्याच्या भीतीनं पळालेल्या चार मुली कोले नावाच्या बाईच्या घरी आसरा घेतात. ती दारात एक दोरी बांधते. दोरी ओलांडून मुलींना कुणी नेऊ शकत नाही, कारण आसरा देणं हीसुद्धा तिथली जुनी परंपराच आहे. म्हणजे तिनं परंपरेलाच परंपरेनं अडवलं. मग गावातले पुरुष काय करतात, तर घराघरांतले बायकांचे रेडिओ गोळा करून त्यांचा ढीग रचतात आणि जाळतात. त्यांना वाटतं, बायका बिघडल्या त्या रेडिओमुळे. तुम्ही आत्ता ज्याच्यावर हे ऐकताय, त्याला कुणीतरी इतकं घाबरतं, हे ऐकून आम्हाला हसूही आलं आणि जरा बरंही वाटलं.

आता सासूबाईंना का बसवून ठेवलं ते सांगतो. मलिकुंडा असो, मुंबई असो की आपलं गाव, मुलीला हाताला धरून नेणारी बहुतेक वेळा घरातली मोठी बाई असते. आईला नको असलं तरी तिच्यापुढे बोलता येत नाही. म्हणून अशा बैठकीत फक्त तरुण सुना बोलावल्या की काम अर्धंच होतं. आम्ही हीही चूक केली होती. आता बैठकीला प्रत्येक घरातून दोन पिढ्या बोलावतो. कुणालाही बोलायची सक्ती करत नाही. जी बोलते तिची गोष्ट बाहेर कुणाला सांगायची तर तिला विचारून, आणि ऐकताना कुणाला त्रास झाला तर तिच्याजवळ बसायला एकीला आधीच नेमून ठेवतो. जुनी जखम उघडणं सोपं असतं, त्या बाईला त्या रात्री झोप लागेल का हेही बघावं लागतं.

त्या मुलीच्या मामाच्या गावच्या गटाशी आमचं बोलणं झालंय. आमच्या गावच्या लेकी जिथे जास्त जातात आणि सुना जिथून येतात, अशी सात गावं आम्ही वहीत लिहून काढली. पहिली बैठक पुढच्या महिन्यात, मामाच्याच गावी, तिथल्या मंदिरासमोरच्या ओट्यावर आहे. भाकरी आम्ही नेणार, भाजी त्यांची. चूल सारवणाऱ्या त्या बाईला आम्ही पुन्हा भेटलो. या वेळी चहा घेतला. येईन म्हणाली आहे. तिची लेक आता सासरी आहे, सहावा महिना चालू आहे. तिची सासूही येणार आहे.